मंगळवारी, क्रियापदानंतर

पीटरहेडच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
मंगळवारी सातला सहा जण येतात.
हात तीनतीनदा धुतलेले, तरी खोलीभर
हॅडकचा वास. इथं मला तो जाणवत नाही,
घरी गेल्यावर माझ्याच कोटाला येतो.

आज फळ्यावर दोन रकाने:
डावीकडे टू, उजवीकडे इंग.
वाँटच्या मागून टू येतो, एन्जॉयच्या मागून इंग.
का, ते विचारू नका.
मलाही कुणी सांगितलं नव्हतं.
अंधारात जिना उतरताना
पाय पायऱ्या मोजतो, तेवढंच माझं व्याकरण.

म्हणजे लग्नं ही, रोहेलियो म्हणतो,
कुणाचं कुणाशी ते आधीच ठरलेलं.
सगळे हसतात. लेतेब्रहान उशिरा हसते,
आधी वहीत उतरवून घेते, मग.

मग ती क्रियापदं
जी दोन्ही घरी नांदतात.
रिमेंबर, फरगेट, ट्राय, स्टॉप.
इथं पाठांतर कामाचं नाही.
इथं काय घडलं
ते ठाऊक असावं लागतं.

कुलूप लावायचं आठवलं.
कुलूप लावल्याचं आठवतं.
पहिल्यात कुलूप अजून हातात आहे, मी सांगते,
दुसऱ्यात लावून झालंय.
लेतेब्रहानचा हात वर:
आणि दारच नसेल तर?
म्हणजे लावल्याचं आठवतंय,
पण आता तिथं दार नाही. भिंतही नाही.
तरी इंग, मी म्हणते.
घाईत म्हणते, शिक्षकिणी म्हणतात तसं.
ती मान हलवते, उजव्या रकान्यात लिहिते,
आणि ओळीखाली पट्टी ठेवून रेघ मारते.

झेनोनास शेवटच्या खुर्चीत.
डाव्या अंगठ्याचं एक पेर
सुरीनं कधीच नेलेलं.
वहीत त्याचं एकुलतं एक वाक्य:
मी मुलाला फोन करायला थांबलो.

माझं लाल पेन उघडंच होतं.
फोन करायला थांबलास,
की फोन करायचा थांबलास?

तो बराच वेळ फळ्याकडे बघतो.
आधी पहिलं, म्हणतो.
शिफ्ट सुटली की धक्क्याच्या भिंतीशी थांबायचो,
वारा अडतो तिथं. पाच मिनिटं.
क्लायपेदात घड्याळ दोन तास पुढं,
पोरगा जेवत असायचा, भरल्या तोंडानं बोलायचा.
मग उचलेनासा झाला.
मग दुसरं.

मग दोन वाक्यं कर, मी म्हटलं.
कशाला, तो म्हणाला,
थांबलो तर एकाच जागी.

वीस वर्षं शिकवतेय.
पेनाला टोपण लावलं.

ट्राय राहिलाच. त्यातही दोन आहेत:
फोन करून बघणं, म्हणजे नंबर फिरवायचा
आणि पलीकडे काय होतं ते ऐकायचं;
आणि फोन करायचा प्रयत्न करणं,
म्हणजे बोट बटणावर, आणि तिथंच.
उदाहरण तयार होतं माझ्याकडे, कार्डावर छापलेलं.
म्हटलं, वेळ झाली, पुढच्या मंगळवारी.
भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ होते.
कुणी काही बोललं नाही.
रोहेलियोनं खुर्च्या एकावर एक रचल्या.

बंदराच्या रस्त्यानं घरी निघाले.
बर्फाच्या कारखान्याचे दिवे, एक ट्रॉलर आत येणारी,
आणि भिंतीशी, वारा अडतो तिथं,
कुणीतरी उभं.
सिगारेट ओढायला थांबलं असेल.
खिशातून काहीतरी काढलं, त्याचा उजेड
हनुवटीवर पडला,
की पडल्यासारखा वाटला.

मी बघायला थांबले नाही.
पार वळणापर्यंत
बघायची थांबले नाही.