पाबे घाटात, डाव्या बाजूने

शहरात ढमढेरे माझ्या उजव्या हाताला असतो.
पीएमटी, टँकर, मागून येणारं जे काही असेल ते
आधी त्याच्या अंगावर येतं,
कारण माझा उजवा कान
भोसरीच्या फोर्जिंग शॉपमध्ये राहिला,
एकतीस वर्षं दोन टनी हातोड्याच्या शेजारी.
निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला.
तो काही परत मिळाला नाही.

त्यामुळे नांदेड फाट्यापर्यंत आम्ही बोलत नाही.
तो बोलतो बहुधा. ओठ हलताना दिसतात,
मी मान डोलवतो.
असाच एकदा मी त्याच्या मेहुण्याला
जामीन राहिलो होतो.

खडकवासल्याला कणसांच्या गाड्या
ताडपत्री पांघरून अजून झोपलेल्या.
पाण्यावर धुकं, हँडलवर गार बोटं.
खानापूरनंतर दुधाचा एक टेम्पो, मग तोही नाही.
रांजण्याला डावीकडे वळलो
आणि रस्ता आमचाच निघाला,
कुणीतरी सातबारा हातात ठेवावा तसा.

ढमढेरेनं मागे पाहिलं. पुढे पाहिलं.
मग माझ्या मागून सायकल काढून
डाव्या अंगाला आला.
"आता ऐक," म्हणाला.
आठवडाभर काहीतरी धरून ठेवलं होतं त्यानं,
ते मला त्याच्या मानेवरूनच कळत होतं.

आणि तेवढ्यात चढ लागला.

पहिल्या वळणाला मी गिअर उतरवला,
दुसऱ्याला स्वेटर,
तिसऱ्याला तोरा.
गवत गुळाच्या रंगाचं झालेलं,
कारवीच्या काड्या उन्हाची वाट बघत उभ्या.
मोळी घेऊन उतरणारी एक बाई थांबली,
आम्हा दोन म्हाताऱ्यांकडे नीट पाहिलं
आणि म्हणाली, "उतरून ढकला की.
हितं कोन बघतंय?"
बरोबरच होतं.
पण ती बघत होती ना.
ती वळणाआड जाईस्तोवर आम्ही पेडल मारलं,
मग उतरलो.

खिंडीत सायकली कठड्याला टेकवल्या.
समोर तोरणा, अलीकडे राजगड,
वाटणीनंतर अबोला धरलेल्या भावांसारखे
एकमेकांच्या पलीकडे बघत.
थर्मासच्या झाकणात चहा, पुडीत खारे दाणे.
आधी छातीतला भाता बसला.
मग कानशिलातलं ठोकणं बसलं.
मग काही उरलंच नाही बसायला.

माझ्या उजव्या कानात एक शिट्टी असते,
पाळी सुटल्याची,
गेली कित्येक वर्षं सुटतेच आहे.
बाकीचं जग कसं ऐकू येतं
ते मला इतरांना विचारावं लागतं.
म्हणून विचारलं, "काय ऐकू येतंय?"

एरवी त्याच्याकडे उत्तर तयार असतं,
पक्ष्याचं नाव नसलं तर ठोकून देतो.
पण तो दाणा बोटांत धरून बसून राहिला.
"काही नाही रे," म्हणाला. "काहीच नाही."
थोडा घाबरल्यासारखा वाटला मला.
"मग झालं तर," मी म्हणालो,
"मलाही तेच. एक शिट्टी जास्त."

तो हसला नाही.
बराच वेळ आम्ही तिथे
एकसारखे बहिरे बसून होतो,
आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच
कुणी माझ्यापेक्षा जास्त ऐकत नव्हतं.

उतारावर पाय सोडून दिले.
डावीकडे त्याच्या फ्रीव्हीलची किरकिर,
तेल घाल म्हणून तीनदा सांगितलंय.
आता सांगेल, मला वाटलं, ह्या वळणाला.
मग पुढच्या.
ब्रेकवरची बोटं आखडली, घाट संपला,
त्याला जे सांगायचं होतं ते संपलं नाही.

रांजण्याला एक ट्रॅक्टर आला.
न सांगता तो माझ्या मागून फिरला
आणि आपल्या जागेवर, उजवीकडे गेला.
आणि तिथून, गाड्या सुरू झाल्यावर,
बोलायला लागला.
खानापूर, डोणजे, धरणाची भिंत,
ओठ हलतच होते,
एकदा बाहीनं त्यानं डोळे पुसले,
वारा असेल.

डावा कान वळवता आला असता मला.
मान थोडी फिरवली असती की झालं.
मी समोर रस्ता बघत राहिलो
आणि त्याचं बोलून होईपर्यंत
मान डोलवली.

जामीन असेल तर असेल.