लालला बर्फ लागतो

नागभूषणनं कुल्लूहून आणलं, रेल्वेतून,
ओल्या गोणपाटात मुळं, डोकं बाहेर.
वीतभर काडी. म्हणाला, मामा, जपानी मॅपल.
थंडीत पानं लालभडक होतात.
तुम्ही रंगारी, तुम्हालाच शोभेल.

पहिल्या एप्रिलात कडा करपल्या
पापडागत. त्रेचाळीस होतं.
कुंडी ईशान्येला नेली, मोरीच्या भिंतीआड,
ऊन नऊपर्यंत, पुढं बंद.
वर बांधली चादर, डाग पडून परत आलेली,
विरलेली. दुपारी पानांवर
नक्षीतल्या मोराची सावली हलते.

नळ चार दिवसांआड, तेही पाणी जड,
मातीवर पांढरा थर धरतं.
असल्या पाण्यानं सूत ठिपकेदार व्हायचं,
म्हणून तर ओळखलं.
आता गज्जमांच्या एसीखाली बादली ठेवतो.
अनसूया म्हणते, झाड हाय का जावई?

डिसेंबर आला. पहाटे चौदा,
दुपारी एकतीस.
हे आपलं हिरवंच. गळतही नाही.

बाकीचे रंग आम्ही वाफेवर काढायचो.
लाल तेवढा गारठ्यात.
सूत आधी नॅफ्थॉलात भिजवायचं, पिवळट दिसायचं,
आजारी माणसाच्या डोळ्यासारखं.
मग बर्फ फोडून टाकलेली टाकी.
बुडवलं की झटक्यात, बघता बघता लाल.
बर्फ कमी पडला तर रंग मेला, तपकिरी.
मे महिन्यात दिवसाला अकरा लाद्या.
सगळं सोलापूर भाजायचं
आणि माझी बोटं बधिर.

हे आठवलं तशी सायकल काढली,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून
अर्धी लादी आणली, पोत्यात गुंडाळून.
पोरगा म्हणाला, काका, लग्न हाय का घरात?
म्हटलं, नाही, रंगवायचंय.
दिवस बुडाला की कुंडीभोवती बर्फ रचायचा,
वर भुसा. नऊ रात्री.

दहाव्या सकाळी खालचं एक पान,
शिरेपासून सुरुवात, बोटभर लाल.
अनसूयानं चष्मा लावला, वाकून पाहिलं.
करपलंय ओ, म्हणाली.

असेल.
मी ट्रंकेतलं जुनं शेडकार्ड काढलं, पानाशेजारी धरलं.
बारा नंबर नाही. चौदाही नाही.
मधलंच काहीतरी, आमच्या टाकीत
कधी न उतरलेलं.

उद्याची अर्धी लादी सांगून आलोय.