दिडकी

पेटंट ऑफिसचं स्मरणपत्र फ्रिजवर लावलंय,
वूस्टरमधल्या औषधदुकानाच्या चुंबकाखाली.
साडेअकरा वर्षांचा हप्ता.
दंडासकटची मुदतही सोमवारी रात्री बाराला संपते.

माझ्या नावावर एक फिरवणं आहे:
चार शब्द घ्यायचे, बत्तीस बिटांचे,
सात घरं डावीकडे सरकवायचे, शेजाऱ्यात मिसळायचे,
पुन्हा सरकवायचे. एवढंच.
कुणाचंही गुपित कुस्करलेल्या भाकरीसारखं होऊन जातं,
आणि किल्ली असेल त्याच्याच हाती
परत अख्खी भाकरी.

हॅटी लिंडक्विस्ट वकिणीनं त्याचे एकवीस दावे केले.
पहिलं वाक्य दीड पान थांबलंच नाही.
मी सही केली. कॉलेजला बरं वाटलं.
मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

परवाना मात्र माझा मीच लिहिला, उदार मनानं:
ज्याचा सोर्स उघडा, त्याला फुकट.
ज्याचा बंद, त्यानं पत्र लिहावं.
तोफांसाठी कुणालाच नाही.
मला वाटलं दार सताड उघडं ठेवलंय.
रस्त्यावरून दिसत होती चौकट,
आणि चौकटीवर पाटी.

ड्यूल्युथहून आर्नी पेल्कोनेनचं पत्र आलं होतं.
श्रवणयंत्राचं सॉफ्टवेअर, निम्मं सगळ्यांचं,
निम्मं कारखान्याचं.
'मग मी उघडा की बंद?'
हॅटीनं पाच आठवडे घेतले.
उत्तर होतं: ते अवलंबून आहे.

मिरजेच्या शाळेत आगटे मास्तरांनी
पावकी, निमकी, दिडकी घोकून घेतली,
चुकलं की पट्टी.
सगळी दिडकी पाठ झाली,
दिडकी कुणी मागितली नाही.

सोमवारी चेकबुक खणातच राहू दिलं.
बाराला काही वाजलं नाही.
हीटरची नळी ठणकली, ती रोजच ठणकते.
दान म्हणजे हातातून काहीतरी सुटावं लागतं, असा समज होता.
हे तर थकवलेलं बिल निघालं.

सकाळी आर्नीला कळवलं: आता कुणालाच विचारू नका.
दुपारी त्याचं उत्तर.
आभार मानले होते. मग:
आम्ही तेव्हाच जुनी पद्धत घेतली. जरा हळू आहे,
बॅटरी खाते,
पण तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं.

स्मरणपत्र काढलं.
मागची बाजू कोरी होती.
तिथे लिहिलं: दूध, अंडी,
छोट्या पेन्सिल-बॅटऱ्या.