लोहचुंबक

थोर्किल मारतो, मी निस्तरते.
चाळीस ऑक्टोबर झाले, असंच चाललंय.
लिमफ्योर्डवरून तो परततो, बुटांत चिखल,
खांद्यावर दोन-चार बदकं, माना लोंबत्या,
आणि मी मागच्या पायरीवर
मांडीवर गोणपाट घेऊन बसते.
पिसं नाकात जातात. सवय झाली.

बदकाला दात नसतात.
पोटात जातं असतं, अक्रोडाएवढं,
मांसाचं, खरबरीत, दोन पाळ्यांचं.
तळाचे खडे गिळून
ते दाणे दळत राहतं, उडतानाही.
हे मला कुणी शिकवलं नाही.
हजारदा चिरणाऱ्या बाईला कळतंच.

त्या वर्षी कुत्रीने एक बदक आणलं
गोळी न लागलेलं.
पंख छपरासारखे उतरलेले,
छातीचं हाड सुरीसारखं वर,
शेपटीखाली हिरवा डाग.
जिवंत होतं. माझ्या हातात मान टाकली.
शेजारचा मॉवेन्स म्हणाला, आजारी आहे, फेकून दे.
मी चिरलं.

जात्यात अकरा छर्रे,
झिजून मसुरीएवढे, चपटे, चकचकीत.
बिचाऱ्याने खडे समजून वेचले
आणि इमानाने शिशाचं पीठ दळत राहिलं
स्वतःच्या रक्तात.

थोर्किलच्या बशीत मी ते ठेवले,
साखरेच्या चौकोनांशेजारी.
त्याने बोटाने एक सारला. मग दुसरा.
“हे माझेच कशावरून?”
“तुझेच, असं कोण म्हणतंय?”
कॉफी निवली.

पेरलेलं उगवतं म्हणतात.
शिसं उगवत नाही, कुजतही नाही,
चिखलात पडून राहतं
बियाण्याचं सोंग घेऊन.
एका बारात दोनशेवर छर्रे,
पक्ष्याला लागतात पाच-सहा.
उरलेल्यांचा हिशोब
त्याच्या बापाने ठेवला नव्हता,
बापाच्या बापानेही.

मग पोलादी काडतुसं आली घरात.
कायदा झाला म्हणून, की त्या बशीमुळे,
त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पहिला मोसम वाईट गेला.
“हलकं आहे गं, पस्तीस पावलांपलीकडे नुसता आवाज.”
मॉवेन्स हसायचा: वाटाणे फेकतोस काय?
शिशाचा छर्रा जेवताना दाताखाली दबायचा,
त्यावर दाढेची खूण उमटायची.
पोलादाने दाढच घेतली.
त्या रात्री त्याने अख्ख्या संसदेला
नावं घेऊन शिव्या घातल्या,
गालाला बर्फ धरून.

नंतर तो थांबायला शिकला.
बोरूत पडून राहतो, धुकं अंगावर घेत,
पक्ष्याच्या डोळ्यातला ठिपका दिसेपर्यंत.
कधी कधी, म्हणतो, इतके जवळ येतात
की बंदूक उचलायचीच राहून जाते.
असा आला की मला पिसं कमी,
बटाटे जास्त सोलावे लागतात.

नातीने दिलेला एक लोहचुंबक आहे,
फ्रिजवरचा, लाल-पांढऱ्या दीपगृहाचा.
जात्यातून जे निघेल त्यावरून मी तो फिरवते.

काल चार निघाले.
तीन टुणकन उडून दीपगृहाला चिकटले, गंजके.
चौथा बशीत तसाच.
चुंबक अगदी टेकवला. हलला नाही.

थोर्किल दारात बूट काढत होता.
“किती?”
“चार.”
एका पायात मोजा, असाच आला,
चष्मा कपाळावरून खाली ओढला.
बोरूचा तो कोपरा आधी त्याच्या बापाचा होता.
त्याने तो चौथा उचलला, नखाने दाबला.
नखाची चंद्रकोर उमटली.
“मऊ आहे,” म्हणाला,
घरातल्या कुणाबद्दल बोलावं तसं.

खिडकीत हेरिंगची रिकामी बरणी असते.
त्याने तो तिच्यात टाकला. टक्.
इतकी वर्षं साठवतोय आम्ही,
बरणीचा तळही अजून झाकलेला नाही.