ओहोटीचे दोन तास

कार्रिलच्या खाडीत आज सव्वासातला पाणी मागे सरलं.
अंधार अजून पुरता विरलेला नव्हता.
आम्ही अकरा जणी, मांड्यांपर्यंत रबरी बूट,
हातात लांब दांड्याचं दाताळं, आणि टोपली,
जी रिकामी असतानाच जास्त जड वाटते.

मी यांच्यात नवी. गेल्या वर्षापर्यंत विगोमध्ये
बँकेच्या काचेमागे बसून
लोकांचे थकलेले हप्ते मोजायचे.
पुढे माझीच झोप थकली, तेव्हा
मोबाईलमधली एक बाई रोज रात्री कानात सांगायची,
श्वास मोजा. चार आत, सहा बाहेर.
मी मोजायचे.
बेरीज चुकायची.

एरुंदिनाला हे सांगितलं, तर ती
वाकल्या वाकल्याच म्हणाली,
"मोजायचंच तर तिसऱ्या मोज.
श्वास काय, तो आपला आपण येतो."

तिचा नवरा आज सांतियागोच्या इस्पितळात आहे.
रिपोर्ट नवाला मिळणार.
फोन तिने गाडीत ठेवलाय, सीटखाली,
जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून.
मी विचारलं नाही काही.
तिनेच दाताळं माझ्या हातात नीट धरवलं.
"ऐक," म्हणाली.
खर्र. खर्र. टक्.
"हा दगड. कोरडा."
खर्र. टक्.
"ही तिसरी. जरा भरलेली."
मला दोन्ही सारखेच वाटले, कितीतरी वेळ.
मग एकदा फरक लागला,
आणि कान तिथे ठेवला तर
दुसरं काही ठेवायला डोक्यात जागाच उरेना.

लोखंडी कडीतून जी निसटते, तिला परत पाण्यात सोडायचं.
"जा, मोठी हो," एरुंदिना सांगते.
प्रत्येकीला. अगदी प्रत्येकीला.
एकीने जाता जाता
सरळ तिच्या डोळ्यात खारट पिचकारी मारली.

आणि ती हसली.
चिखलात फतकल मारून, पोट धरून,
अशी हसली की दाताळी थांबली,
बगळा वैतागून उडाला,
कोंचिन्याच्या थर्मासमधली कॉफी सांडली आणि तिचा वास
ओल्या वाळूवर पसरला.
गावात चर्चची घंटा वाजत होती.
किती ठोके, कोणीच मोजले नाहीत.

पायाची बोटं बधिर होती माझी. तीही मला आवडली.

मग पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला.
त्याला काही सांगता येत नाही, थांब म्हणून.
वजनं झाली. कमी भरली जरा.

गाडीपाशी एरुंदिनाने दार उघडलं,
सीटखाली हात घातला, पण
आधी डॅशबोर्डवरचं संत्र घेतलं.
सोललं सावकाश, साल कुठे तुटू न देता.
निम्मं मला दिलं.
शेवटची फोड संपेपर्यंत
आम्ही दोघी फक्त संत्र खात होतो.

मग तिने मोजा उलगडला.