साखळी धरणारा

शनिवारी दुपारी मी पांढरं जाकीट चढवतो
आणि कोणाचाच उरत नाही.
एरवी माझं खिळेमोळ्यांचं दुकान आहे, धान्याच्या कोठारासमोर,
उधारीच्या वहीत अर्धं गाव.
पण सामन्याच्या दिवशी आम्ही तिघं,
मी, व्हर्ल नोव्होटनी आणि बँकेतला ग्लेडन,
मैदानाच्या कडेला दहा यार्डांची साखळी धरून उभे.
टाळी वाजवायची नाही. हळहळायचंही नाही.
बावीस वर्षं झाली.

चेंडू कुणाच्या हातून निसटला
की अख्खं मैदान चेंडूकडे बघतं.
आम्ही बघतो पंचाच्या हाताकडे.
त्याने उलटी दिशा दाखवली
की खांब उपटायचे, फिरवून रोवायचे.
मघाशी पुढे होता तो ग्लेडन आता मागे.
साखळी तीच, कड्या तेवढ्याच,
फक्त जाणं होतं ते येणं झालेलं.
टर्नओव्हर म्हणतात याला.
कोच लुंडग्रेनच्या फळ्यावर त्याचा रोजमेळ असतो:
जमा, नावे, शिल्लक.
शिल्लक उणे आली तर बाकीचं मला सांगू नका, म्हणतो,
चारशे यार्ड धावलात, तो पायांचा व्यायाम झाला.

चेंडू गोल असता तर त्याला काही समजावता आलं असतं.
हा दोन्हीकडून टोकदार.
जमिनीवर पडला की स्वतःचंसुद्धा ऐकत नाही.

नोव्हेंबरचा तिसरा शनिवार. मका कापून झालेला,
नेब्रास्काभर नुसती खुंटं.
बँडमधल्या पोराच्या ट्यूबाच्या कळा गारठून अडकलेल्या.
पहिल्या डावात आमच्या क्वार्टरबॅकने एक चेंडू
सरळ त्यांच्या माणसाच्या छातीवर फेकला,
उसनं आणलेलं परत करावं तसा.
मग एक पंटवर सुटला. एक त्यांनीही आम्हाला दिला,
उपकार म्हणून नव्हे, हात बधिर झाले म्हणून.

तरी सतरा-चौदा. आम्ही पुढे.
चार मिनिटं उरलेली, त्यांची रेषा नऊ यार्डांवर,
आणि चेंडू कीनन ट्रॉटरकडे. अठराचं वय,
मिशीची नुसती अफवा.
वरून तिघे कोसळले.
हातातोंडाशी आलेला घास म्हणतात,
तो मातीत लोळत होता आणि त्यावर अकरा माणसं.

मी सहा पावलांवर होतो.
गुडघा आधी टेकला.
मग चेंडू सुटला.
मधे वेळ होता. कडी आणि कोयंड्यातल्या फटीएवढा,
पण होता.
पंचाच्या बाजूने पाठी दिसत होत्या नुसत्या.
आमच्याकडे पुन्हा दाखवणारा पडदा नाही,
फलकावरचा सातचा आकडासुद्धा अर्धाच पेटतो.
त्याने हात उलटा केला.
मी खांब उपटला.

एक्क्याण्णव यार्ड.
ते चालत गेले आणि साखळी त्यांच्याबरोबर.
आम्हीच चालवली.
सतरा-एकवीस.

बुधवारी तो दुकानात आला, काखेत चेंडू.
कोचने दिलेली शिक्षा: आठवडाभर खाली ठेवायचा नाही,
आणि दिसेल त्याने तो पाडायचा प्रयत्न करायचा.
कॅन्टीनच्या मिसेस अ‍ॅबेंड्रॉथने दोनदा पाडला म्हणे,
सूप वाढता वाढता, डावाने.
त्याला बिजागरीचे स्क्रू हवे होते.
डाव्या हाताने पाकीट काढत होता, जमत नव्हतं.
चेंडू माझ्यापासून वीतभर.
"तुम्ही जवळच होतात ना," तो म्हणाला.
प्रश्न नव्हता तो.
मी स्क्रू मोजले. आठ लागतात, नऊ दिले.
"पाकीट राहू दे," म्हटलं, "वहीत मांडतो."
दार ढकलायला त्याने खांदा वापरला.

मग वही उघडली, तारीख घातली,
एक डॉलर साठ सेंट लिहिले.
नावेच्या बाजूला बघतो,
तर नाव माझं पडलेलं.