अकरावं पान

फहाहीलमध्ये रात्री आम्हाला वेगळा दिवा लागत नाही.
रिफायनरीची ज्योत पहाटेपर्यंत पडद्यावर हलते,
तिच्या उजेडात वाचता येतं, अक्षर मोठं असलं तर.
आणि हे पुस्तक मोठ्या अक्षरांचं आहे.
दापोलीहून आलं, आमसुलांच्या पिशवीत.
कोपऱ्याला अजून तो जांभळट डाग;
नुझत तो आधी चाटून बघते,
मग म्हणते, हं, वाचा.

खेकड्याची गोष्ट. बारा पानं.
शुऐबाच्या धक्क्यावरून येतो तेव्हा केसांत डिझेल असतं.
तस्लीम म्हणते, आधी आंघोळ.
नुझत म्हणते, आधी खेकडा.
एसी घरघरतो, ती काखेत शिरते.
मी ओळीखालून बोट सरकवतो,
ती माझ्या नखावर आपलं बोट ठेवून
स्वार होते, डावीकडून उजवीकडे.
शब्द संपला की ब्रेक.

बाहेर सगळं उलट जातं:
बकाल्याची पाटी, खुबूसच्या पिशवीवरचं नाव,
शुक्रवारी सिपारासुद्धा तिकडून इकडे.
एकदा विचारलं तिने,
ती अक्षरं कामावर जातात
आणि ही घरी येतात का, अब्बा?
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

आधी तिने पुस्तक पाठ केलं.
उलटं धरून वाचायची, शेजारच्या मल्याळी बाईंना,
आणि पान अगदी वेळेवर उलटायची.
मग एका सकाळी स्वयंपाकघरातून आरोळी:
सापडला! खेकड्याचा ख!
खजुराच्या बरणीवर, तस्लीमच्या हाताचा,
थोडा तिरका, पोटात शाई पसरलेला.
त्या दिवशी खजूर कुणाला मिळाला नाही,
बरणी तिच्या उशाशी झोपली.

मी शिकवलं असं म्हणवत नाही.
अ ते ज्ञचा तक्ता कपाटामागे गुंडाळलेलाच आहे.
मी फक्त वाचत होतो,
कधी पेंगत, कधी तीच ओळ दोनदा,
आणि ती दोनदाची ओळ पकडत होती.

परवा तूझ आला. भर दुपारी पिवळा अंधार,
क्रेन बंद, शाळा बंद,
दाराखाली ओला टॉवेल, दाताखाली रेती.
म्हणाली, आज मी वाचते.
दहा पानं धडाधड,
त्यात पाठ किती आणि वाचलेलं किती, कळेना.
अकराव्या पानावर बोट थांबलं.

अब्बा, इथे अजून आहे.

होतं. चार ओळी होत्या,
मी दोनच वाचायचो.
पहिल्या रात्री गाळल्या,
मग गाळलेलीच गोष्ट खरी झाली.

ती एकेका अक्षरावर पाय देत निघाली,
ओहोटीत दगडांवरून जावं तशी:
त्या... भ र ती ला... बाप...
प र त... आ ला... ना ही.
मग सगळं जोडून, एका दमात,
जिंकल्यासारखं:
त्या भरतीला बाप परत आला नाही!
तुम्ही हे वाचतच नव्हता.

माझा बाप बसऱ्याच्या बोटीवर होता.
शेवटचं पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं ओटीवर,
मध्येच खाकरले,
नजर खाली नेली आणि म्हणाले, सगळ्यांना सलाम.
मी सात वर्षांचा, मला फक्त तिकीट ओळखू यायचं.
वाचायला लागलो तोवर
पत्राची घडी वाळवीने नेली होती.
मास्तरांनी खाकरून काय गिळलं
ते कुठल्याच बरणीवर लिहिलेलं नाही.

हे तिला सांगितलं नाही.
भरती म्हणजे काय, एवढं तिने विचारलं,
तेवढं सांगितलं.
बारावं पान तिनेच वाचलं,
तिथे पोर खेकडा नवं बीळ खणतो,
तिला ते आता जरा लहान मुलांचं वाटलं.

रात्री तूझ निवळला, ज्योत पुन्हा पडद्यावर.
पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं तिने,
बोट मात्र नखावर ठेवलं नाही.
हात पाठीमागे बांधून
पानाकडे टक लावून म्हणाली,
आता तुम्ही वाचा.
मी बघतेय.